गावच्या पाण्याचा पैसा मोबाईलवर कसा बघायचा?

मागच्या उन्हाळ्यात शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावची मोटार जळाली, आठ दिवस नळ कोरडे. ग्रामपंचायतीत एकच उत्तर, "निधी नाही." दौंडला मामांच्या गावातही तेच. मग मी शोधलं, पैसा येतो कुठून?

1. नवीन नळयोजना: जल जीवन मिशन (2019). माणशी रोज 55 लिटरचं उद्दिष्ट. केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा.

2. रोजचा खर्च: वीजबिल, टीसीएल पावडर, कर्मचाऱ्याचा पगार. हा मुख्यतः पाणीपट्टीतून.

3. 15वा वित्त आयोग: 2021-22 ते 2025-26 च्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित. त्यातला निम्मा पाण्यासाठी, उरलेला स्वच्छतेसाठी.

कसं बघायचं? ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. वर्ष, महाराष्ट्र, पुणे, तालुका आणि ग्रामपंचायत निवडा. गावाचा आराखडा, जमा आणि खर्च दिसेल.

आमच्या खात्यात पैसे शिल्लक दिसले. प्रिंट काढून ग्रामसभेत विचारलं, मोटार बसली. पण तिथंच पाणीपट्टीच्या थकबाकीची यादीही वाचली. त्यात आमचंही घर होतं! दुसऱ्या दिवशी आधी पावती फाडली. तुम्हीही हिशोब मागा, पण आपली पट्टी भरून.