एक पाणी टाकायचं, एक ठेवायचं

मुलांनो, एक प्रश्न विचारते. आईला किंवा आजीला विचारायला धावायचं नाही, आपलं आपणच आठवायचं. तुमच्या घरी मटकी भिजत घालतात, तेव्हा त्या भिजवलेल्या पाण्याचं काय करतात? आणि मटकी शिजल्यावर पातेल्यात जे पाणी उरतं, त्याचं काय करतात?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा बहुतेकांनी दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर दिलं, "मोरीत ओततात, बाई!" म्हणजे पन्नास टक्के मार्क. एक पाणी मोरीत ओतायचंच असतं, दुसरं मुळीच नाही. का ते सांगते, पण त्याआधी हा प्रश्न मला सुचला कसा ते ऐका.

एके दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना वर्गातली एक मुलगी मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. पाणी पाजलं, पंख्याखाली बसवलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?" चहा आणि दोन बिस्किटं. "आणि रात्री?" भात आणि वेफर्स. तिचे आईबाबा दोघंही नाहूर स्टेशनवरून भल्या सकाळची लोकल पकडतात. (हे स्टेशन झालं २००६ साली. त्याआधी इथल्या लोकांना गाडीसाठी भांडुप नाहीतर मुलुंड गाठावं लागे. तेव्हा तर ते आणखी लवकर निघाले असते!) डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. शरीरात लोह पुरेसं नव्हतं.

ती एकटी नाही बरं का. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आज वर्गात झोप येते, जिना चढताना धाप लागते, त्याला आपण आळस म्हणतो. तो नेहमीच आळस नसतो.

तिला गोळ्या सुरू झाल्या. पण तिची आई मला भेटायला आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "बाई, सफरचंदं आणि बदाम कुठून आणू हो रोज?" मी म्हटलं, "सफरचंदात लोह फार नसतंच मुळी. तुमच्या डब्यांत काय काय आहे ते सांगा." डब्यांत मटकी होती, मूग होते, चणे होते. घरात सगळं होतं! फक्त मटकी लवकर शिजावी म्हणून तीत खाण्याचा सोडा पडत होता, शिजल्यावर पाणी निथळून टाकलं जात होतं आणि जेवण झालं की लगेच सगळ्यांना चहा. म्हणजे विकत आणलेलं लोह आणि जीवनसत्त्वं थोडी मोरीत, थोडी चहात चालली होती.

आता मटकीचं सांगते. मटकीचा दाणा म्हणजे बी. बीने आपलं लोह पुढे उगवणाऱ्या रोपासाठी जपून, कुलूप लावून ठेवलेलं असतं. त्या कुलपाचं नाव फायटेट. आपण कोरडी मटकी तशीच शिजवून खाल्ली, तर बरंचसं लोह कुलूपबंदच आपल्या पोटातून निघून जातं. पण दाणा भिजला, त्याला मोड आले, की बीला वाटतं, 'आता रोप व्हायची वेळ झाली!' आणि ती स्वतःच कुलपं उघडू लागते. थोडं फायटेट भिजवलेल्या पाण्यात उतरतं, पोटात वायू धरायला लावणाऱ्या काही साखराही उतरतात. म्हणून हे पहिलं पाणी टाकून द्यायचं. (घरात कुंडी असेल तर तुळशीला घाला.)

करायचं कसं? एक वाटी मटकी निवडून, दोनतीन पाण्यांनी धुऊन, भरपूर पाण्यात आठदहा तास भिजवायची. तिची अडीच-तीन वाट्या होते, तेव्हा भांडं मोठं घ्या. मग पाणी पूर्ण निथळून स्वच्छ सुती फडक्यात पुरचुंडी बांधून टांगून ठेवायची. मुंबईच्या उन्हाळ्यात दहाबारा तासांत मोड दिसतात, थंडीत जास्त वेळ लागतो.

इथे माझी फजिती सांगून टाकते. डी.एड. करत असताना मी पहिल्यांदा एकटी राहत होते. मोठ्या हौसेने मटकी बांधली, पण नीट निथळली नाही आणि वर स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवली. दिवस पावसाळ्याचे. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर चिकट तार आणि असा वास की शेजारच्या काकू विचारायला आल्या! मोडांना ओल लागते तशीच हवाही लागते. चिकटपणा किंवा आंबूस वास आला, तर धुऊन वापरायचा मोह धरू नका, सरळ टाकून द्या. आणि ज्या ऊबदार ओलाव्यात मोड वाढतात त्यातच जंतूही वाढतात, म्हणून लहानांनी मोड कच्चे न खाता वाफवूनच खावेत.

मोडांमुळे आणखी एक गंमत होते. कोरड्या दाण्यात जे जवळजवळ नसतं, ते क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. याची गोष्ट पार इराकपर्यंत जाते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन तिथे लढत होती. तीत मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीकाठच्या कूत या गावात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत तुर्की सैन्याने त्यांना वेढून ठेवलं. पोटाला थोडंफार पीठ मिळे, पण ताजी भाजी, फळं जवळजवळ नाहीतच. हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, सांधे दुखू लागले. क जीवनसत्त्व मिळालं नाही की हा रोग होतो.

त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञ स्त्रिया या रोगावर उपाय शोधत होत्या. क जीवनसत्त्व तेव्हा कुणी वेगळं काढलेलंही नव्हतं. हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी गिनीपिगना कोरडे वाटाणे आणि मसूर देऊन पाहिले, ते स्कर्व्ही रोखू शकले नाहीत. तेच दाणे भिजवून, मोड आणून दिले, तर रोखला! १९१९ साली त्यांनी हे छापलं. भाजीचं पान नसलं तरी चालेल, मूठभर कडधान्य, पाणी आणि फडकं हवं. आपल्या आज्यांच्या हाताशी ते तिन्ही होतं.

आपल्याकडच्या डॉ. कमला सोहोनी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या बहीण. मुलगी म्हणून बंगळूरच्या संस्थेत १९३३ साली त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, आत शिरल्याच, आणि तिथे त्यांनी दुधातल्या व कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मराठीत 'आहारगाथा' हे पुस्तक लिहिलं.

तर आता शिजवणं. गॅसपाशी आई, बाबा किंवा ताई हवीतच. क जीवनसत्त्व हे मोठं नाजूक प्रकरण असतं. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नाहीसं होतं, म्हणून कुकरच्या पाच शिट्ट्या नकोत. फोडणीत मोड परतायचे, अगदी थोडं पाणी घालायचं आणि वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचं. वाफ वर जाते, गार ताटलीला लागून पुन्हा पाणी होऊन उसळीत ठिबकते. उसळ करपत नाही, आणि मध्येच पाणी लागलं तर ताटलीतलं गरम पाणी तयार असतं. दहाबारा मिनिटांत मटकी बोटाने दाबली जाते. सोडा घालायचा नाही, त्याने क आणि ब१ ही दोन्ही जीवनसत्त्वं नष्ट होतात. आणि जे पाणी उरेल ते दुसरं पाणी, ठेवायचं! त्यात आमसूल, जिरं आणि चिमूटभर गूळ घातला की झालं कढण. ज्यांना उसळ आवडत नाही, अशी मुलंही ते भुरकताना मी पाहिली आहेत.

लोखंडी कढई असेल तर उत्तमच, तिचं थोडं लोह उसळीत उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर उसळ काळी पडते. लिंबू गॅस बंद केल्यावर, वाढताना पिळायचं. त्यातलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह रक्तात शोषून घ्यायला मदत करतं. चहा याच्या नेमकं उलटं करतो, म्हणून चहा आणि जेवण यांत तासभर तरी अंतर ठेवा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत डबा संपला की लगेच चहा येतो. तो परत पाठवणं मलाही जड जातं, हे कबूल करते.

त्या मुलीचं पुढे काय झालं? मटकी भिजवणं, बांधणं हे तिचं काम ठरलं, फोडणी आईचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर हिमोग्लोबिन वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेतल्या म्हणून." तिचं म्हणणं, मटकीमुळे. मी दोघांनाही मान डोलावली. आता तिची एकच तक्रार असते. धाकटा भाऊ मोड आले का बघायला दर तासाला पुरचुंडी सोडतो, म्हणून ती खिडकीच्या अगदी वरच्या गजाला बांधावी लागते.