पिसांची मासोळी, मेड इन वाळूज!

वाळूजमध्ये टाइमपास म्हणजे काय? शिफ्ट, कंपनीची बस, मेस, झोप. म्हणूनच बजाजनगरच्या एका वन-रूम किचनमध्ये माझी क्वालिटी डिपार्टमेंटवाली मैत्रीण कॉटवर पेपर पसरून कोंबड्याची पिसं निवडताना दिसली, तेव्हा मी उडालेच.

‘स्ट्रीमर बांधतेय,’ ती म्हणाली. जणू भाजी निवडतेय!

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं, केस आणि दोरा बांधून भक्ष्याची नक्कल करतात. बऱ्याच फ्लाय किड्यांसारख्या असतात, स्ट्रीमर मात्र छोट्या मासोळीसारखा. पाण्यात दोरी ओढली की पिसं मिटतात, थांबलं की फुलतात. मरळीसारख्या शिकारी माशाला फसवायला एवढं पुरतं.

गळ धरायला खास छोटा व्हाइस मिळतो, पण तो हवाच असं नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स नावाची बाई होती, धंदा बायकांच्या हॅट बनवण्याचा. १९२४ मध्ये तिने स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून मोठा ट्राउट पकडला. ही बाई गळ चक्क बोटांत धरून बांधायची!

तिच्या गाजलेल्या ‘ग्रे घोस्ट’चं आपल्याशी नातं आहे. त्या फ्लायच्या गालावर डोळ्यासारखा चमकणारा ठिपका असतो. तो येतो करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसातून. हा पक्षी फक्त भारतातला, आपल्या सह्याद्रीतला. एके काळी त्याची पिसं परदेशी शौकिनांकडे जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि तिकडचे लोक आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. तेव्हा ट्रेकला जाणाऱ्या मित्राला ‘येताना दोन पिसं आण’ असं चुकूनही सांगू नका. शौकासाठी जंगलातला कोंबडा कशाला?

मैत्रिणीची खरेदी सगळी गल्लीतली. चिकनवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची लांब पिसं, शॅम्पूने धुऊन सावलीत वाळवलेली. बोकडाचे पांढरे केस. चमक हवी म्हणून टेलरकडची जर. (पैठण शेजारी असताना जरीला काय तोटा!) आणि डोळ्याच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका.

लांब दांडीच्या गळावर आधी दोऱ्याचे घट्ट वेढे. त्यावर जरीचं अंग. मग वरून केसांचा बारीक झुपका, दोन्ही बाजूंना एकेक पीस, आणि शेवटी डोकं. केस कमीच घ्यायचे, नाहीतर मासोळीऐवजी दाढीचा ब्रश तयार होतो. गळाच्या नेढ्याजवळ दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. दोरी ओवायला नेढंच उरलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात, तीही मासा न मिळता.

तयार झाला म्हणून लगेच नाथसागर गाठू नका हं. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. ही बाई नातेवाइकांच्या शेततळ्यावर, त्यांना विचारून जाते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकते, म्हणजे मासा फार न दुखावता सोडता येतो.

त्याआधी प्रत्येक स्ट्रीमरची टेस्ट बाथरूममधल्या बादलीत. सरळ पोहला तर पास. कुशीवर कलंडला की ब्लेडने दोरा कापून गळ परत डब्यात. शेवटी क्वालिटीवाली ना!