हरले, पण पांगले नाहीत

मुलांनो, जूनमध्ये वर्गात एखादा नवा मुलगा येतो. वडिलांची बदली झालेली असते. कुठल्या बाकावर बसायचं, डबा कुणाबरोबर खायचा, काही ठाऊक नसतं त्याला. पण दरवर्षी निम्मा वर्गच नवा आला तर? मग शाळेचा कबड्डीचा संघ उभा कसा राहणार?

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांची आज तशीच गत आहे. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक हंगाम नुसतं बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ही अट उठली. २०२४ पासून तर अभ्यास ठीक असला की कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा! शिवाय २०२१ पासून जाहिरातींतून पैसे मिळवायलाही परवानगी आहे. मग काय, हंगाम संपला की शेकडो मुलं नवं कॉलेज शोधतात. त्यांना नावं ठेवू नका हं. प्रशिक्षक मंडळी तर आधीपासूनच हवं तेव्हा कॉलेज बदलत आली आहेत!

इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग इथेच शिकला. १९८० पासून इथल्या बास्केटबॉल संघाला मुख्य प्रशिक्षक लाभले फक्त दोन. पहिले जीन कीडी. दुसरे त्यांचेच शिष्य मॅट पेंटर, २००५ पासून. पेंटर मुख्यतः शाळेतून नुकती आलेली मुलं घेतात आणि घडवतात. काहींना तर पहिलं वर्षभर सामन्यात उतरवतच नाहीत. रोजचा सराव मात्र सगळ्यांबरोबर करायचा. ट्रे कॉफमन-रेन हा त्यातलाच एक.

१७ मार्च २०२३. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात अव्वल असलेल्या पर्ड्यूची गाठ सोळाव्या क्रमांकाच्या फेअरली डिकिन्सनशी पडली. पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंच उंचीचा झॅक एडी. समोर त्या वर्षीचा सरासरी उंचीने सगळ्यात बुटका संघ! आणि पर्ड्यू ५८-६३ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल संघ सोळाव्याकडून हरण्याची ती इतिहासातली दुसरीच वेळ.

जिंकणाऱ्यांचीही गंमत ऐका. आदल्या वर्षी २६ पैकी २२ सामने हरलेला तो संघ. नवे प्रशिक्षक आले ते आपल्या जुन्या, छोट्या कॉलेजातले तीन खेळाडू सोबत घेऊन. चौघांना एकमेकांच्या सवयी पाठ होत्या. म्हणजे बदली करूनही संघ जुळतो बरं का! पण सामन्यानंतर आठवड्याच्या आतच ते प्रशिक्षक तिसऱ्याच कॉलेजात गेले.

इकडे पर्ड्यूची देशभर टिंगल झाली. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर यांचं ते कॉलेजातलं पहिलंच वर्ष. दारं सताड उघडी होती, पण दोघंही राहिले. एडीने व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी दिलेलं नाव मागे घेतलं आणि तोही परतला. बाहेरून महत्त्वाचा असा एकच खेळाडू आला, लान्स जोन्स. त्याला पर्ड्यूची रीत समजावून द्यायला जुनी मुलं होतीच की! मला तर पेंटर यांच्या पद्धतीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. फळ्यावर डाव मांडायला प्रशिक्षक असतात, पण चुकल्यावर एकमेकांना कसं सांभाळायचं ते वरच्या वर्गातल्या मुलांकडे बघूनच कळतं.

२०२४ मध्ये हाच संघ ४४ वर्षांनी शेवटच्या चारांत पोचला. टेनेसीविरुद्ध एडीने एकट्याने ४० गुण केले. अंतिम सामन्यात मात्र कनेटिकटने त्यांना ७५-६० असं हरवलं.

मग एडी व्यावसायिक खेळाकडे गेला. त्या उन्हाळ्यात पेंटर यांनी दुसऱ्या कॉलेजातून एकही खेळाडू आणला नाही. स्मिथ, लॉयर आणि तो वर्षभर न खेळता शिकलेला कॉफमन-रेन यांच्या भरवशावर २०२५ मध्ये संघ शेवटच्या सोळांत गेला. तिथे ह्यूस्टनकडून हरला, तेही फक्त दोन गुणांनी.