गर्दशी चाळीस वर्षे

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या उलथापालथीत अफूच्या व्यापाराच्या जुन्या वाटा मोडल्या, नव्या पडल्या. त्यांतली एक पाकिस्तानमार्गे मुंबईपर्यंत आली. पुढच्या काही वर्षांत आधी मुंबईच्या गल्ल्यांत आणि मग पुण्यातही ब्राऊन शुगरच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या हेरॉइनच्या पुड्या मिळू लागल्या. लोकांच्या तोंडी ती ‘गर्द’ झाली आणि ओढणारा ‘गर्दुल्ला’. दारुड्याची समाजाला सवय होती. बऱ्या घरातला, कॉलेजात जाणारा मुलगा मात्र आईचे दागिने आणि घरातली भांडी विकू लागला, तेव्हा काय करावं हे ना आईबापांना कळलं, ना शेजाऱ्यांना, ना फॅमिली डॉक्टरला.

14 नोव्हेंबर 1985 रोजी अंमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा अमलात आला. त्याचा भर शिक्षेवर होता. उपचार केंद्रं काढण्याची तरतूद कलम 71 मध्ये होती, पण ती चालवायची कोणी, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर मुंबई-पुण्यात थोडं आधीपासूनच शोधलं जात होतं. 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आधाराने फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं होतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्याकडे गर्दची पोरं येऊ लागली. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट त्या पोरांशी बोलत राहिले, त्यांच्या अड्ड्यांवर गेले आणि लिहीत गेले. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि केंद्र उभं करण्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

या आरंभात कोण कोण होतं ते पाहण्यासारखं आहे. सरकारी रुग्णालयाची जागा, त्याच नोकरीतली एक डॉक्टर, पत्रकारितेतून विषयाला भिडलेला एक लेखक, आणि पुस्तकं व प्रयोगांतून आलेला पैसा समाजाकडे परत वळवणारं एक जोडपं. यांतल्या कोणाकडेही तयार आराखडा नव्हता. सगळ्यात महत्त्वाचा भिडू मात्र या यादीत अजून आलेला नाही. तो आला वॉर्डातून.

गर्द बंद केली की सहा ते बारा तासांत त्रास सुरू होतो. पोरांच्या भाषेत ‘टर्की’. नाकातून, डोळ्यांतून पाणी गळतं, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात, हाडं आतून कुणी पिळतंय असं वाटतं आणि झोप जवळही फिरकत नाही. औषधांनी हे सुसह्य होतं, साधारण आठवड्याभरात ओसरतंही. पण मध्यरात्री दोन वाजता ‘मला सोडा, मी जातो’ म्हणून दाराशी आलेल्या मुलाला थांबवायचं ते कोणी? पदवी असलेल्याने सांगितलेलं त्याच्या कानाला लागत नाही. ‘मीही असाच तडफडलो होतो, बस इथे, पाय दाबून देतो’ असं म्हणणाऱ्याचं तो ऐकतो. बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. त्यांच्याजवळ थापा चालत नाहीत, कारण त्या सगळ्या त्यांनी स्वतः मारून झालेल्या असतात. ज्याला समाजाने ओवाळून टाकलं होतं, त्याचाच अनुभव उपचाराचं भांडवल ठरला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस आणि नार्कोटिक्स अनॉनिमस यांच्या गटांमागेही हेच तत्त्व आहे.

दुसरी भर घरच्यांची. पस्तीस दिवसांच्या उपचारांनंतर माणूस केंद्रातून बाहेर पडतो तो त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर. म्हणून पत्नींचे गट बांधले गेले, पालकांच्या बैठका सुरू झाल्या, गावोगावी पाठपुराव्याची केंद्रं निघाली. व्यसनमुक्तीची वर्षं वाढदिवस म्हणून साजरी होऊ लागली. नवरा बोलून झाला की बायको उभी राहते. रात्री दार वाजलं की आता छातीत धडधडत नाही, एवढंच ती सांगते. समोर बसलेल्या नव्या रुग्णाच्या बायकोला त्यातून जे मिळतं ते कुठल्याही व्याख्यानातून मिळत नाही. सत्कार नवऱ्याचा असला तरी निम्मी कमाई तिची असते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

1997 मध्ये डॉ. अनिता अवचट कर्करोगाने गेल्या. संस्थापकामागे संस्था मिटण्याची उदाहरणं महाराष्ट्रात कमी नाहीत. मुक्तांगण मिटलं नाही, कारण तोवर काम अनेक हातांत वाटलं गेलं होतं. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे धुरा घेतली. 2022 मध्ये अनिल अवचट गेले, तेव्हाही रोजचं वेळापत्रक चालूच राहिलं.

ही जमेची बाजू. पण या सहकार्याचा पाया घर हा होता, आणि ज्याला घरच नाही त्याचं काय, हा प्रश्न मागे राहिला. मुंबईच्या फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनाच्या कडेला राहणारा गर्दुल्ला कोणत्या पालक-बैठकीत बसणार? पुढे काहींनी पन्नीवरचा धूर ओढणं सोडून सुई धरली. मणिपूरमध्ये 1989-90 च्या सुमारास सुईतून एचआयव्ही झपाट्याने पसरला होता आणि तो धोका देशाला कळला होता. मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’सारख्या संस्था थेट रस्त्यावर उतरल्या. आधी जखमांची मलमपट्टी, स्वच्छ सुया, जेवण आणि अंघोळ. व्यसन सोडण्याचा विषय नंतर. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ब्युप्रेनॉर्फिनची गोळी उपलब्ध केली. कर्मचाऱ्यासमोर रोज जिभेखाली ठेवायची ही गोळी टर्की आणि तलफ दोन्ही आवरते. माणूस कामाला जाऊ शकतो, चोरी आणि सुई दोन्ही सुटतात.

इथे दोन वाटा फुटल्या आणि बराच काळ फुटलेल्याच राहिल्या. एकीकडे ‘पूर्ण बंद’ मानणारी व्यसनमुक्ती केंद्रं, दुसरीकडे एड्सच्या निधीवर चाललेली गोळीची केंद्रं. पहिल्यांतल्या अनेकांना गोळी म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं वाटत आलं. दुसऱ्यांकडे घरच्यांचा आणि बरे झालेल्यांचा तो गोतावळा क्वचितच असतो. दरम्यान वैद्यकातली एक गोष्ट पक्की झाली आहे. अफूजन्य व्यसनातून नुसतं शरीर धुऊन बाहेर पडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्याच मात्रेने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो. म्हणजे केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे, आणि नेमके तेव्हाच औषध आणि माणसं दोन्ही हवीत.

आता तर पुडीशिवायही हे व्यसन लागतं. वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनची खोकल्याची औषधं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचली. 2018 मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएसखाली आणावं लागलं. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 2.26 कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात. त्यांतल्या साधारण 60 लाखांना उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. म्हणजे या कामात औषध दुकानदार हाही आता एक भिडू आहे, आणि त्याला बैठकीला अजून फारसं कोणी बोलावलेलं नाही.

चार दशकांचा हिशेब मांडला तर महाराष्ट्राने एक गोष्ट सिद्ध केली: हे व्यसन एकट्या डॉक्टरला झेपत नाही, एकट्या पोलिसाला तर नाहीच. पण सहकार्य म्हणजे आपल्यासारखा विचार करणाऱ्यांची मोट, एवढंच राहिलं तर ते अपुरं पडतं. 1986 मध्ये सरकारी आवार, देशपांडे जोडप्याचा पैसा आणि वॉर्डातला रुग्ण एकत्र येणं जितकं अवघड वाटलं असेल, तितकंच आज ‘पूर्ण बंद’वाल्यांनी आणि गोळीवाल्यांनी एकमेकांचे रुग्ण एकमेकांकडे पाठवणं अवघड वाटतं. केंद्रातून घरी जाणाऱ्याच्या हातात जवळच्या गोळीच्या केंद्राचा पत्ता द्यावा आणि गोळीच्या रांगेतल्या माणसाला आठवड्याच्या गटात खुर्ची द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. दोन्हीकडच्यांनी थोडा हट्ट सोडला तरी पुरे.