मुक्या बास गिटारीची नाडीपरीक्षा



गेल्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या सायंकाळीं वाद्यवृंदाची तालीम चालली असतां बास गिटार एकाएकीं मुकी झाली. ती ज्याच्या हातीं होती, त्या विद्यार्थ्यास मीं विचार न करितां दोष दिला, आणि स्वतः स्क्रू काढून आंतल्या तारा ओढून पाहूं लागलों. त्या घाईंत एक धड तार तुटली. मूळ दोष काय होता, तें पुढें सांगेनच. परंतु अशा वाद्याची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, हें मला त्या वेळीं ठाऊक असतें, तर तार तुटली नसती आणि त्या मुलाचें मनही दुखावलें नसतें.

प्रथम वाद्याची रचना पाहूं. गिटारीच्या तारांखालीं ‘पिकप’ असतो. तो म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेलें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. वरील पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक तिचा मोठा आवाज करितो. १९५१ सालीं लिओ फेंडर यांनीं बाजारांत आणिलेल्या प्रिसिजन बासमध्यें बॅटरी नव्हती. १९७६ सालच्या म्यूझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बासमध्यें मात्र ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारें ‘प्रीॲम्प’ आंतच बसविलेलें होतें. त्यायोगें खर्ज व तीव्र स्वर वाद्यावरच कमीअधिक करितां येतात. अशा वाद्यांस ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात. यांतील बॅटरी संपली म्हणजे पिकप शाबूत असूनही आवाज बंद पडतो.

आतां परीक्षेचा क्रम. तो बाहेरून आंत, सोप्याकडून अवघडाकडे असावा. आधीं दुसरी केबल लावावी, मग दुसरा ध्वनिवर्धक. कांहीं वाद्यांस बॅटरीवांचून वाजविण्याचा खटका असतो. तो फिरवितांच आवाज आला, तर पिकप निर्दोष असून दोष बॅटरींत किंवा प्रीॲम्पमध्यें आहे, असें समजावें.

नंतर बॅटरी मोजावी. ताजी बॅटरी मल्टिमीटरवर ९ व्होल्टांहून किंचित् अधिक दाखविते. आंकडा ७ च्या आसपास आला कीं ती बदलावी. आवाज क्षीण होणें व फाटणें हीं तिच्या अंतकाळाचीं लक्षणें होत.

बॅटरी अकालीं कां संपते? या वाद्यांच्या जॅकमध्यें बहुधा तीन स्पर्शबिंदु असतात. केबलची पिन आंत शिरली कीं त्यांपैकीं दोन जोडले जाऊन बॅटरीचा प्रवाह सुरू होतो. वाद्य वाजो अगर न वाजो. समजा, प्रीॲम्प १ मिलिॲम्पियर प्रवाह घेतें आणि बॅटरीची शक्ति ५०० मिलिॲम्पियर-तास आहे. पिन सतत आंत राहिल्यास ती ५०० तासांत, म्हणजे सुमारें २१ दिवसांत संपेल. रोज तासभर वाजवून पिन काढून ठेविल्यास तीच वर्षाहून अधिक पुरेल. दिवाळीच्या सुटीपूर्वीं तें वाद्य कपाटांत कोणीं ठेविलें होतें? मींच, आणि पिन काढावयास मीच विसरलों होतों!

बॅटरी चांगली असूनही आवाज नसेल, तर पिन आंत असतांना प्रीॲम्पच्या वीज येणाऱ्या तारांवर व्होल्ट मोजावे. तेथें शून्य आल्यास जॅकची पट्टी वांकली आहे, बॅटरीच्या टोपणाची तार तुटली आहे, किंवा डाख सुटला आहे. वीज पोहोंचत असेल, तर ध्वनिवर्धकाचा आवाज लहान करून पिकपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवावा. ‘टक्’ असा आवाज आला तर पिकपपासून पुढील मार्ग सुरू आहे. नॉब फिरवितांना खरखर होत असेल, तर बहुधा आंत धूळ सांचलेली असते; विजेच्या स्पर्शबिंदूंसाठीं मिळणाऱ्या फवाऱ्यानें ती जाते.

डाख देण्यापूर्वीं बॅटरी काढावी आणि तारांची आकृति कागदावर उतरून घ्यावी. तापलेल्या कावियानें तार व पट्टी दोन्हीं तापवावीं, मग त्यांस डाखाची तार टेकवावी, आणि थंड होईपर्यंत जोड हालवूं नये. एक गोष्ट मात्र कोणींही करूं नये : ध्वनिवर्धक उघडूं नये. गिटारींतील ९ व्होल्टांनीं इजा होत नाहीं. परंतु ध्वनिवर्धकांत घरच्या विजेचा दाब असतो, आणि तो बंद केल्यावरही आंत प्राणघातक वीज सांठून राहूं शकते.

‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ ही म्हण आपण वर्गांत शिकतों. ती मला त्या सायंकाळीं उमगली. दुसऱ्या दिवशीं मीं त्या विद्यार्थ्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. आतां बॅटरीच्या झांकणावर ती बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते, आणि तालीम संपल्यावर पिन काढली कीं नाहीं, हें तोच विद्यार्थी मला विचारतो.