विश्लेषण : गुलाबाचे नवे रोप महिनाभरात का दगावते? पहिल्या सहा आठवड्यांत काय करावे, काय टाळावे?

पाऊस ओसरला, ऑक्टोबर सुरू झाला की नर्सऱ्यांमध्ये गुलाबाची रोपे मांडली जातात. कळ्यांनी भरलेले एखादे रोप पाहून आपण ते घरी आणतो, मोठ्या कुंडीत लावतो, रोज पाणी घालतो आणि वर मूठभर खतही टाकतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन फुले येतात. मग पाने पिवळी पडू लागतात, फांद्यांचे शेंडे काळे होतात आणि महिना-दीड महिन्यात कुंडीत नुसत्या काड्या उरतात. ‘आमच्याकडे गुलाब जगतच नाही’ असे म्हणून पुढच्या वेळी त्याच कुंडीत मनीप्लांट लावला जातो.

यात दोष हवेचा किंवा ‘हाताच्या गुणाचा’ नसतो. अनेकदा नवे रोप अतिकाळजीनेच जाते. पहिले सहा आठवडे रोपाला मुळे धरण्यासाठी हवे असतात. या काळात नेमके काय घडते, ते समजून घेऊ.

नर्सरीतून घरी आल्यावर रोप का मलूल होते?

रोप पाणी घेते ते मुळांच्या टोकांजवळच्या केसासारख्या बारीक तंतूंमधून. पिशवीतून काढताना, वाहतुकीत आणि लावताना यातले बरेच तंतू तुटतात. पाने मात्र तेवढीच राहतात आणि हवेत पाणी सोडत राहतात. खर्च तोच, आवक घटलेली. हा तोल सांभाळण्यासाठी रोप काही पाने स्वतःच गाळते. त्यामुळे पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत खालची चार-सहा पाने पिवळी होऊन गळली, तर घाबरायचे कारण नाही.

रोप आणल्यावर लगेच दुसऱ्या कुंडीत लावू नये. तीन-चार दिवस आहे त्या पिशवीतच, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवावे. लावल्यानंतरही आठवडाभर दुपारच्या उन्हापासून जपावे. त्यानंतर हळूहळू ऊन वाढवत न्यावे. रुजलेल्या गुलाबाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. तेवढे ऊन नसलेल्या बाल्कनीत रोप जगले तरी फुले कमीच येतात.

पाणी भरपूर असूनही रोप का सुकते?

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने माना टाकतात. आपल्याला वाटते, रोप तहानलेले आहे. आपण आणखी पाणी घालतो आणि कूज वाढत जाते.

यावर उपाय साधा आहे : पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका. पाणी शक्यतो सकाळी आणि मुळाशी द्यावे, पानांवर नको. माती ओली असताना पाने मलूल असतील, तर पाणी थांबवून रोप सावलीत हलवा.

पिशवीतल्या मातीच्या गोळ्याचे काय करायचे?

वाहतुकीत मुळांभोवतीची माती सुटू नये म्हणून अनेक नर्सऱ्यांत रोपे घट्ट, चिकट मातीत वाढवतात. हा गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला, की पाणी कडेकडेने निघून जाते. गोळा एकदा वाळला तर आतपर्यंत भिजत नाही आणि भिजला तर लवकर वाळत नाही.

म्हणून लावण्याआधी गोळा १५-२० मिनिटे बादलीभर पाण्यात ठेवा आणि बाहेरच्या बाजूची माती हलक्या हाताने सैल करा. सगळी माती धुऊन मुळे उघडी पाडू नका. कुंडी १० ते १२ इंचांची आणि तळाला मोकळी भोके असलेली हवी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा कोकोपीट, हे मिश्रण चालते. शेणखत ओले, कच्चे नको. त्यातून उष्णता निर्माण होते आणि हुमणीच्या अळ्याही येऊ शकतात.

खोडाची खालची गाठ का महत्त्वाची?

बाजारातले बहुतेक गुलाब कलमी असतात. रानगुलाबाच्या काटक खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. जिथे डोळा भरला, तिथे खोडाला फुगीर गाठ दिसते. लावताना ही गाठ मातीच्या एक-दोन इंच वर राहिली पाहिजे.

गाठीच्या खालून एखादी फांदी झपाट्याने वाढू लागली, तर ती खुंटाची असते. ती ठेवली तर खुंटच जोर धरतो, कलम मागे पडते आणि पुढे फुलेही भलतीच येतात. अशी फांदी थोडी माती बाजूला करून उगमापासून काढून टाकावी. ‘पाच पानांची फांदी कलमाची, सात पानांची रानटी’ हा ठोकताळा मात्र खात्रीचा नाही. काही कलमी जातींनाही सात पर्णिका येतात. फांदी गाठीच्या वरून आली की खालून, एवढेच पाहा.

खत कधी द्यायचे?

पहिले चार ते सहा आठवडे अजिबात नाही. मिश्रणातले शेणखत तेवढ्या काळाला पुरते. डीएपी, युरियासारखी दाणेदार खते मातीतल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढवतात. ते फार वाढले की मुळांना पाणी ओढणे कठीण जाते, उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. पानांच्या कडा करपतात, त्या यामुळेच.

दूध-साखरेचा उरलेला चहाचा चोथा किंवा केळ्याच्या ताज्या साली थेट कुंडीत टाकू नयेत. मुंग्या, चिलटे आणि बुरशी वाढते. त्या आधी कंपोस्टमध्ये कुजू द्याव्यात. तांबूस कोवळे फुटवे येऊन त्यांची पाने हिरवी झाली, की मुळे धरली असे समजा. मग महिन्यातून एकदा मूठ-दोन मुठी गांडूळखत पुरे.

कळ्या खुडायच्या का?

सोबत आलेल्या कळ्या जड मनाने का होईना, काढाव्यात. फूल पोसण्यात जाणारी ताकद मुळांकडे वळते. लावताच कडक छाटणीही करू नये. उरलेल्या पानांवरच रोपाचे अन्न तयार होत असते. फक्त मोडलेल्या आणि वाळलेल्या काड्या काढा.

काळे ठिपके, भुरी आणि काळे शेंडे दिसले तर?

काळे ठिपके : हा बुरशीजन्य रोग आहे. पान सलग सात-आठ तास ओले राहिले, की त्याचे बीजाणू रुजतात. म्हणूनच संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये. ठिपक्यांची आणि गळलेली पाने उचलून कचऱ्यात टाका, कुंडीत नको.

भुरी : पानांवर पांढरी पावडर दिसते. कुंड्यांमध्ये अंतर ठेवून हवा खेळती ठेवा.

मावा : कोवळ्या शेंड्यांवर हिरवे किंवा काळे बारीक किडे दिसतात. पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढा किंवा निंबोळी तेलाची फवारणी करा. फवारणी भर उन्हात नको.

काळा पडणारा शेंडा : काळेपणा वरून खाली सरकतो. तो जिथे संपतो त्याच्याही खाली, आतला गाभा पांढरट दिसेपर्यंत फांदी कापा. कात्री आधी सॅनिटायझरने पुसा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावता येते.

रोप मेले, हे कसे ओळखायचे?

पाने गळाली म्हणून रोप फेकू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. सावली, बेताचे पाणी आणि दोन-तीन आठवडे द्या. गाठीच्या वरचे सगळे खोड तपकिरी आणि कोरडे असेल, तरच आशा सोडा.

थोडक्यात वेळापत्रक

आठवडा १ : कोवळे ऊन, बोटाने ओल तपासून पाणी, कळ्या काढणे.

आठवडे २ ते ३ : ऊन हळूहळू वाढवणे, पिवळी पाने काढणे, खत नाही.

आठवडे ४ ते ६ : नवे फुटवे दिसले की पूर्ण ऊन, गाठीखालच्या फांद्या काढणे, सहाव्या आठवड्याच्या सुमारास पहिले हलके गांडूळखत.

पुढच्या काळात फूल सुकले की खालच्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्या. तिथून येणाऱ्या नव्या फांदीवर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पुन्हा फूल येते.