उन्हावर फिरणारा पाळणा
सोलर खेळण्यासाठी मोटर निवडताना

फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. पुठ्ठा, तारा, सेल आणि डिंकाच्या बाटल्या यांनी घरातले टेबल भरून जाते आणि मुलांबरोबर आई-वडिलांचीही शाळा भरते.

आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलाने गेल्या वर्षी सौरऊर्जेवर फिरणारा आकाशपाळणा करायचे ठरवले. आइस्क्रीमच्या काड्यांचा पाळणा मोठा देखणा झाला. वडिलांनी सहा व्होल्टचे छोटे सोलर पॅनेल आणि 'चांगली दणकट' मोटर आणून दिली. तारा जोडल्या, पॅनेल उन्हात धरले, पण पाळणा ढिम्म हलेना. मग वडिलांनी त्याहून मोठी मोटर आणली. तीही हलेना. "पॅनेलच खराब दिसतंय," वडील म्हणाले. मुलगा मात्र हिरमुसून म्हणाला, "नाही बाबा, मलाच जमत नाही."

खरे तर पॅनेल चांगले होते, मोटर चांगली होती आणि मुलगाही हुशार होता. बिनसले होते ते फक्त जोडी जुळवण्यात.

पहिलाही पाळणाच!

त्या मुलाला एक गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे त्याची कळी खुलली. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट जगासमोर आणला. डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन हे त्याचे जनक. पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज तो घट करत असे. त्या दिवशी पाहुण्यांना दाखवण्यासाठी या शास्त्रज्ञांनी त्यावर काय फिरवले असेल? खेळण्यातला आकाशपाळणा! एवढ्याशा विजेवर पाळणा फिरू शकतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे.

व्होल्ट जुळले, तरी...

मोटर घेताना आपण 'किती व्होल्टची?' एवढेच विचारतो. पण मोटरचा वेग व्होल्टवर आणि तिचा जोर विद्युतप्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर अवलंबून असतो. सहा व्होल्ट, एक वॅटचे पॅनेल भर दुपारच्या स्वच्छ उन्हात सुमारे १६० मिलिअँपिअर प्रवाह देते. ऊन कमी झाले की तोही घटतो.

खेळण्यातली नेहमीची तीन व्होल्टची मोटर काही भार नसतानाही साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. सेलवर ती सुरू होते, त्या क्षणी तर एक अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. भाजीची हातगाडी आठवा. एकदा चालू लागली की हलकी वाटते, पण जागची हलवताना सारा जोर लावावा लागतो. सेल असा क्षणभराचा जोर पुरवतो. पॅनेलला ते जमत नाही. त्याच्या ताकदीबाहेर मागितले की त्याचे व्होल्ट कोसळतात. म्हणून मोटर जितकी मोठी, तितकी निराशा मोठी!

मग घ्यावी कोणती?

सर्वांत चांगली मोटर बहुधा घरातच असते. बिघडलेल्या सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरमध्ये चकती फिरवणारी छोटी, चपटी मोटर असते. तिला भार नसताना वीस-तीस मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. (प्लेअर उघडण्यापूर्वी त्याची वायर बोर्डातून काढायला विसरू नका.) मायक्रोवेव्हची ताटली किंवा कूलरचा पंप फिरवणाऱ्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या मोटरच्या वाटेला जाऊ नका.

विकतच घ्यायची असेल, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, चेन्नईचा रिची स्ट्रीट किंवा आपल्या गावचे इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान गाठा आणि दुकानदाराला 'भार नसताना किती प्रवाह घेते?' असे विचारा. उत्तर पॅनेलच्या प्रवाहाच्या पाव हिश्श्याहून कमी असेल, तर निर्धास्त घ्या.

दुसरी युक्ती कप्पीची. मोटरच्या दांडीवर छोटी कप्पी आणि पाळण्याच्या आसाला बरणीचे मोठे झाकण बसवून दोन्हींवर रबरबँड चढवा. झाकण कप्पीच्या दहापट मोठे असेल, तर वेग दहापट कमी होतो आणि जोर जवळजवळ तितकाच वाढतो. पाळण्याला तरी कुठे घाई असते? मात्र त्याच्या सगळ्या खुर्च्या सारख्या वजनाच्या हव्यात. एक बाजू जड झाली, तर ती खाली येऊन तिथेच बसते.

ढकलायचे, उघडायचे असेल तर

काही मुलांना उन्हाच्या दिशेने वळणारे पॅनेल किंवा आपोआप उघडणारी खिडकी करायची असते. त्यासाठी मिळणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरला स्थिर पाच व्होल्ट आणि सर्किटकडून इशारे लागतात. थेट पॅनेलवर ती नुसती अडखळते. पुढे-मागे सरकणारा दांडा, म्हणजे लिनिअर ॲक्च्युएटर, तर बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि चांगलाच प्रवाह ओढतो. अशा वेळी पॅनेलने दिवसभर बॅटरी भरावी आणि बॅटरीने काही सेकंद काम करावे, हाच मार्ग. सर्व्होसारख्या छोट्या कामाला पुन्हा चार्ज होणारे निकेलचे चार सेल पुरतात, पण ते भरायला पॅनेल सहाऐवजी नऊ व्होल्टचे घ्यावे. रात्री सेलमधली वीज पॅनेलमध्ये परत जाऊ नये म्हणून मध्ये एक डायोड हवा. साधे सेल चार्ज करू नयेत आणि जुन्या मोबाइलची बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये.

दोन मिनिटांची परीक्षा

भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला, अर्धा संपलेला सेल मोटरला जोडून पाहा. त्यावरही ती चटकन फिरली, तर पॅनेलवर चालण्याची शक्यता दांडगी. मोटर गप्प बसली, पण बोटाने ढकलताच फिरू लागली, तर समजा की सुरुवातीचा जोर कमी पडतो आहे. अशा वेळी तसेच दुसरे पॅनेल जोडा, पण अधिकला अधिक आणि उण्याला उणे या पद्धतीने. एकापुढे एक जोडल्यास व्होल्ट वाढतात, प्रवाह नाही.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरके ठेवा आणि त्यावर कशाचीही सावली पडू देऊ नका. एका घटावर सावली आली, तरी साऱ्या पॅनेलचा प्रवाह रोडावतो.

गच्ची आणि हॉल

शेवटची ठेच बहुतेकांना प्रदर्शनाच्या दिवशी लागते. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर ट्यूबलाइटच्या खोलीत तीनशे ते पाचशे. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, पॅनेलला मात्र लगेच कळतो. गच्चीवर गरगर फिरणारे मॉडेल हॉलमध्ये थिजते, ते यामुळेच. म्हणून उन्हातली जागा आधीच मागून घ्यावी.

आमच्या शेजाऱ्याने तेच केले. जुन्या प्लेअरची मोटर, लोणच्याच्या बरणीचे झाकण आणि एक रबरबँड एवढ्यावर त्याचा पाळणा फिरू लागला. बाईंना सांगून त्याने आपले टेबल व्हरांड्यात, उन्हाच्या पट्ट्यात लावून घेतले. दुपारी एक ढग आला आणि पाळणा मंदावून थांबला. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "काय रे, बंद पडला का?"

"नाही काका," तो हसून म्हणाला, "ढग जाऊ द्या. हेच तर मला दाखवायचं आहे!"

ढग सरला आणि पाळणा पुन्हा फिरू लागला. 'मलाच जमत नाही' म्हणणारा तो हाच मुलगा, हे त्या काकांना सांगूनही खरे वाटले नसते.